फटफटीला एरंडेल

‘घाण्याची गं धार, धार सोन्याची पिवळी...
लेक माझी गुणा, वात दुसऱ्याच्या देवळी...’

आई जाऊन किती संक्रांती उलटल्या, तरी पिरनवाडीच्या त्या घाण्याशी बसलं की गुणाच्या कानात तो आवाज आपसूक उतरायचा. जरा घोगरा, जरा हसरा. आई जयाबाई घाण्यात बिया लोटता लोटता गायची आणि तिच्या लयीवर बैल पाय टाकायचा. गुणा मात्र ती ओवी मनातच म्हणे. मनातलं ओठावर आणायला ती पोर मुळातच कचरायची.

त्या सकाळीही ती अशीच बसली होती. पौषातलं कोवळं ऊन, कुडकुडणारी कर्दळ, घाण्याची कुरकुर... आणि एकाएकी बेळगावच्या रस्त्यानं कुणी ढगच हाकत आणावा तसा आवाज आला. फट्‌... फट्‌... फटाक्‌! बैल जागच्या जागी थिजला. धुराच्या लोटातून एक लोखंडी जनावर डुलत डुलत आलं, अगदी दारासमोर खोकलं, आणि गप्प झालं.

गुणा बघतच राहिली. ना शिंगं, ना खूर, ना चारा, ना पाणी... आणि तरी हे चालतं? बोलतं?

“निल्लो, निल्लो!” गुणाचा बाप आण्णाप्पा ‘थांब, थांब’ म्हणत बैलाला चुचकारू लागला. बैल गोकाकच्या बाजारातला. त्याला कानडीशिवाय काही कळायचं नाही.

फटफटीवरून एक तरुण उतरला. हात कोपरापर्यंत काळे, आणि हसू मात्र धुतल्यासारखं लख्ख.

“कोन रं तू?” गुणाच्या तोंडून निघून गेलं. “आमचा बैल दचकवलास की!”

“बैल न्हाय दचकला. तू दचकलीस.”

“मी? मी तर वाट बघत हुते, कवा ढकलाया लागतोस त्याची!”

तो हसला आणि आण्णाप्पाकडं वळला. “मामा, जरा तेल बघाया आलतो.”

“मामा?” आण्णाप्पानं भुवई चढवली. “मी तुझा मामा कुठनं झालो रं? पोरगी काय दिली हाय व्हय तुला?”

गुणा चटकन घाण्याआड झाली. पण कान... कान काही आड झाले नाहीत.

भरमा त्याचं नाव. गुंजीचा. बेळगावात, कॅम्पातल्या एका गॅरेजात कामाला. फटफटी निपाणीच्या डॉक्टरची. जुनी, पहिल्या लढाईच्याही आधीची, कितीक वर्षं गॅरेजाच्या कोपऱ्यात धूळ खात पडलेली. डॉक्टरनं सांगितलं होतं, ही चालवत निपाणीला घेऊन ये. वंटमुरीचा घाट चढून आलास तर तुला माझ्याकडंच ठेवतो. मला मागं बसवून तंबाखूच्या रानातनं गावोगाव हिंडायचं.

“आन न्हाय चढली तर?” घाण्याआडून प्रश्न आला.

भरमानं फटफटीच्या टाकीवर हात ठेवला. “तर पलटणीत. थोरला भाऊ जोतिराम गेलाय, आता मीबी नाव देनार. घरच्यांचं तेच म्हननं हाय.”

लढाई चालू होती. गेलेल्यांतले कितीक परत येत नव्हते, हे पिरनवाडीतल्या लहान पोरालाही ठाऊक होतं. गुणा घाण्याआडून बाहेर आली.

इंजनात घालायच्या विलायती तेलाचे डबे सगळे पलटणीकडं चाललेले. गॅरेजात मिळेल ते घालून बघितलं होतं. शेंगतेलानं तर आतलं पोलाद डिंक लावल्यागत चिकटवून टाकलं. मग म्हातारा मिस्त्री म्हणाला होता, पूर्वी साहेबलोक शर्यतीच्या गाड्यांत एरंडेल घालायचे.

भरमानं तेलाच्या घागरीत बोट बुडवलं, अंगठ्यानं चोळलं, नाकाशी नेलं. गुणाचे डोळे बारीक झाले.

“तेल्याचा दिसतोस.”

“कशावरनं?”

“दुसरं कुनी असतं, तर हात धोतराला पुसला असता. तू केसाला लावलास.”

आण्णाप्पा पहिल्यांदा हसला. भरमाच्या बापाचाही घाणा होता म्हणे. बाप गेला, घाणा गेला, आणि गोल फिरायचा कंटाळा असलेलं हे पोर सरळ रस्त्याच्या मागं लागलं.

गुणा आत गेली आणि एक बरणी घेऊन आली. एरंडाच्या बिया भाजून, कुटून, पाण्यात कढवून, वरचं तेल अलगद निपटून काढलेलं. वाडीत कुणाकडं बाळ जन्मलं की याच बरणीतलं बोटभर जायचं.

“ह्यापरीस चांगलं तेल बेळगावात न्हाय,” ती म्हणाली. “तान्ह्या पोराला चालतं, तुझ्या फटफटीला का चालनार न्हाय?”

“फटफटीचं पोट तान्ह्याचं न्हाय गं. आत चूल पेटलेली असती. तेल पळालं, की पोलाद पोलादाला चावतं.”

“मग चुलीवरच बघू या की!”

तिनं भाकरीचा तवा चुलीवर चढवला. तवा तापला, तशी दोघं दोन बाजूंनी उकिडवी बसली. तिळाचा थेंब पडला, आणि धूर होऊन गेला. करडईचा पडला, काळपट डाग उरला. मग तिनं मोठ्या मायेनं बरणीतला थेंब सोडला... चुर्रर्र! थेंब तडतडून उडाला आणि तिच्या मनगटावर बसला.

“पानी!” भरमा म्हणाला. “कढवताना मुरलेलं पानी हाय त्यात.” आणि नकळत त्यानं तिचं मनगट धरून फुंकर घातली. मग दोघांनाही कळलं, कोण कुणाचा हात धरून बसलंय... त्यानं सोडला. तिनं तो लगेच मागं घेतला नाही.

“आता तुमच्या घान्याचं,” तो हळूच म्हणाला. “कच्चं. न कढवलेलं.”

शेवटचा थेंब पडला. पातळ झाला, पसरला... आणि थांबला. ना तडतडला, ना जळाला. तापल्या तव्यावर उन्हाचा कवडसा निजावा, तसं ते तेल तव्याला बिलगून राहिलं. गुणा श्वास धरून बघत राहिली. रोज हातांवरून वाहणारं हे तेल! त्याच्या अंगी असलं काही असेल, हे तिला कधी वाटलंच नव्हतं.

“सोडत न्हाय बग,” ती पुटपुटली.

“न्हाय सोडत,” भरमा म्हणाला. पण तो तव्याकडं बघत नव्हता.

मग तो येत राहिला. गुणा ताजं तेल काढी, निवळू देई, दुपदरी फडक्यातून गाळी. तो गाडीच्या टाकीतला जुन्या तेलाचा थेंबन्‌थेंब काढी. एरंडेलाला डब्यातलं तेल चालत नाही, एकत्र आली की गाठी धरतात. एकदा त्यानं तिला टाकीवरची इवलीशी काच दाखवली. तो हातपंप दाबी, आणि काचेआड एकेक थेंब टपकन आत पडे. गुणानं काचेला डोळा लावला. मनुष्याच्या छातीत डोकावून बघितल्यागत तिच्या अंगावर काटा आला.

“काय दिसलं?”

“...जीव.”

“माज्या मनात डोकावलीस, तर काय दिसंल?”

“काजळी!” ती म्हणाली आणि पळाली.

पण चुलीपाशी बसून ती कितीदा तरी बोलली होती त्याच्याशी. जाऊ नको रं पलटणीत... मनातल्या मनात. तोंडानं नाही. घाट नाहीच चढला तर? जाणाऱ्याच्या पायात आपला शब्द कशाला अडकवा? त्यानं हसत जावं.

भरमाच्या निपाणीला निघण्याच्या आदल्या दिवशी आण्णाप्पानं संकेश्वरच्या बाजाराला पेंड न्यायला गाडी जुंपली. “मीबी येते, आप्पा,” गुणा म्हणाली. आण्णाप्पानं तिच्याकडं बघितलं आणि गाडीत तिच्यासाठी घोंगडं अंथरलं.

वाटेत काकतीला रात्रीची वस्ती करून सकाळी दोघं घाटमाथ्यावर पोचली. खाली धुकं दाटलेलं, रस्ता त्यात बुडालेला. बराच वेळ नुसते होले घुमत होते. मग फार खालून... फट्‌, फट्‌, फट्‌...

गुणा उभी राहिली.

आवाज एका वळणावर मोठा होई, दुसऱ्यावर डोंगर त्याला गिळून टाकी. पुन्हा वर येई. जडावलेला, धापा टाकणारा. आणि मग एका वळणाआड तो गेला... आणि आलाच नाही. होलेसुद्धा गप्प झाले. गुणानं दोन्ही हातांनी गाडीचा दांडा घट्ट धरला. पोलाद पोलादाला चावलं काय?

आवाजाच्या आधी वास आला. गोडसर, जळक्या एरंडेलाचा. तिच्या घाण्याचा! मग धुकं दुभंगलं आणि निळ्या धुराच्या पदरातून, एखादा देव पालखीविना स्वतःच्या पायांनी डोंगर चढून यावा, तशी ती म्हातारी फटफटी वर आली. आण्णाप्पानं नकळत डोक्यावरचं मुंडासं काढलं.

“चढली! गुणा, चढली गं!” भरमा ओरडत होता. “इंजन एवढं तापलंय, पन तेलानं धरून ठेवलं बग!”

“इंजन थांबवू नको!” आण्णाप्पा ओरडला.

“न्हाय थांबवत, मामा! बंद पडली तर निपाणी ऱ्हाईल!” त्यानं दोन्ही पाय टेकले. फटफटी त्याच्याखाली थरथरत होती. त्यानं गुणाकडं बघितलं, काही ऐकायचं असल्यासारखं... मग मान हलवली. “बरं... येतो गं.”

गुणाचे ओठ हलले.

“काय?”

ती पुन्हा बोलली. फटफटीनं ते शब्द गिळून टाकले. भरमानं कान पुढं केला, हातानं विचारलं, काय? समोर निपाणीचा रस्ता उन्हात उतरत गेला होता. मागं बाप उभा होता, बैल उभा होता, उघडा डोंगर उभा होता. कुजबुजायला कुठं जागाच उरली नव्हती.

गुणानं छातीत सगळा वारा भरून घेतला, आणि जन्मात पहिल्यांदा ओरडली,

“सुगी झाली की मला मागाया या! मी तुमच्याच घरात नांदनार हाय!”