जुन्या लाँड्रीतल्या एक्केचाळीस जणी

ही गोष्ट मी रचलेली नाही. रचण्यात मी हुशार आहे, निबंधाची तीन बक्षिसं आहेत घरी. रचली असती तर शेवट तरी जरा बरा केला असता.

आणि भुतं रात्रीच येतात असं ज्यांना वाटतं, त्यांचा हिरमोड होणार आहे.

हे घडलं गुरुवारी. दुपारी साडेतीनला. लख्ख उन्हात.

जागा म्हणजे आमच्या गल्लीच्या टोकाची जुनी लाँड्री. एकेकाळी हॉस्पिटलांच्या चादरी आणि हॉटेलांचे टॉवेल तिथे धुतले जायचे. दगडी हौद, उंच छत, काळी चिमणी. चाळीस वर्षं बंद. पाण्याचे पाइपसुद्धा कुणीतरी कापून विकलेले.

आता आईबद्दल. तिचं पाळणाघर आहे.

होतं.

अठरा पोरं, भाड्याच्या दोन खोल्या आणि घरमालकाची नोटीस, वर्षअखेर जागा सोडा. त्याच सुमारास कळलं की, जुन्या इमारती दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणाऱ्या स्थानिक गटांना निधी मिळतो. मग काय, गल्लीचा गट निघाला. लाँड्रीत पाळणाघर करायचं ठरलं. अध्यक्ष झाले कोपऱ्यावरचे वकीलकाका, कारण त्यांच्याकडे लेटरहेड होतं. फॉर्म भरायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझं अक्षर चांगलं आणि मी फुकट.

फॉर्ममध्ये एक पान होतं. वास्तूचा नियमित वापर करणाऱ्या स्थानिकांची यादी, किमान दोनशे नावं.

आमच्याकडे होती एकशे त्रेसष्ट.

"काका, सदतीस नावांवर गाडं अडलंय."

"अगं, यादी द्यायचीय, मिरवणूक नाही काढायची. घाल कुठलीही."

"कुठलीही म्हणजे कुठली?"

"एवढी पहिली येतेस वर्गात, हेही मीच सांगू?"

मला लगेच सुचलं. मी आहेच तशी.

साफसफाईत जिन्याखालच्या कपाटात लाँड्रीचा हजेरीपट सापडला होता. कामाला येणाऱ्या बायकांची नावं. मी शेवटचं पान घेतलं, कारण त्याची शाई सगळ्यांत ठळक होती. एक्केचाळीस जणी. हव्या होत्या सदतीस, चार वर मिळाल्या.

"कुणाच्या नावाशी असं खेळू नये गं," आई म्हणाली.

"आई, त्या काय भांडायला येणारेत?"

तिनं भिंतीवर टाचलेल्या नोटिशीकडे पाहिलं.

प्रत्येक नावापुढे वापर कसा करणार तेही लिहायचं होतं. एक्केचाळीस वेळा वेगळं काय लिहिणार? मी सगळ्यांपुढे एकच लिहिलं.

इथे रोज येणार.

सुवाच्य अक्षरात. माझ्या.

महिन्याभरानं निधीवाल्या बाई पाहणीला आल्या. तोच तो गुरुवार. कामाचा दिवस असल्यामुळे आमच्याकडून जमली जेमतेम बारा माणसं. आईनं सगळी पोरं कडेला ओळीत बसवली होती, गर्दी दिसावी म्हणून.

"यादीत तर दोनशे चार आहेत," बाई म्हणाल्या.

वकीलकाका हसले. ते अडचणीत आले की हसतात.

"मी आत फोटो काढून येते," म्हणत बाई एकट्याच हौदांच्या मोठ्या खोलीत गेल्या.

पाच मिनिटं झाली. दहा झाली.

मग... आतून आवाज आला.

ओलं कापड दगडावर आपटल्याचा.

थप्प.

थोड्या वेळानं पुन्हा. थप्प... थप्प.

मी आईकडे पाहिलं. तिनं सगळ्यांत लहान पोराला कडेवर घेतलं होतं आणि ती दाराकडे बघत होती. पोरं एकदम गप्प झाली होती. अठरा पोरं एकाच वेळी गप्प, हे मी जन्मात पाहिलं नव्हतं.

बाई बाहेर आल्या त्या हसतच.

"कमाल आहे हो तुमच्या बायकांची. पाहणी असूनही काम थांबवलं नाही. फार बोलत नाहीत, पण मी विचारलं तर सगळ्या म्हणाल्या, आम्ही इथेच असतो."

वकीलकाका पुन्हा हसले.

"फक्त एक समजलं नाही. त्या सारख्या विचारत होत्या, सुटीची घंटा कधी होणार?"

मी खाली पाहिलं आणि...

बाईंच्या चपला ओल्या होत्या. आतून दारापर्यंत पावलं उमटली होती. ओली.

मी धावत आत गेले. आत कुणी नव्हतं. हौद कोरडे ठणठणीत, तळाशी धूळ आणि कबुतराची पिसं. धुळीवर एकही पाऊल नाही. खोलीला दुसरं दारही नाही.

फक्त साबणाचा वास. ताजा.

निधी मंजूर झाला. शेऱ्यात लिहिलं होतं, लोकसहभाग उल्लेखनीय.

त्या संध्याकाळी मी हजेरीपट नीट पाहिला. आधीच पाहायला हवा होता, पण मला घाई होती हुशारी दाखवायची. प्रत्येक नावापुढे दोन रकाने होते. आत. बाहेर. आधीच्या प्रत्येक पानावर दोन्हींत खुणा होत्या.

शेवटच्या पानावर एक्केचाळीस जणी आत आल्या होत्या.

बाहेरचा रकाना... कोरा होता.

दुसऱ्या दिवशी मी तो घेऊन वकीलकाकांकडे गेले. त्यांनी पान पाहिलं, हजेरीपट मिटला आणि स्वतःच्या टेबलाच्या खणात टाकला.

"काय झालं होतं तिथे, काका?"

"मी तेव्हा तुझ्याएवढा होतो. मला काय माहीत?"

"पण बाहेरचा रकाना..."

"हे बघ, इमारत वाचतेय ना? जुनी मढी उकरू नकोस."

हे म्हणताना ते हसले.

दुरुस्ती आठ महिने चालली. नोटिशीची मुदत संपली तेव्हा आईनं पोरांच्या आईबापांना सांगितलं, थोडं थांबा, नव्या जागेत भेटू. काही थांबले. दुरुस्ती झाल्यावर लाँड्री इतकी देखणी दिसू लागली की वकीलकाकांना वाटलं, इथे पोरांनी भिंती रंगवल्या तर? गटाची बैठक झाली. आम्हाला कळली ती झाल्यावर. हौदांवर काचा टाकून टेबलं झाली. आता तिथे कॉफी मिळते. दारात पाटी आहे, लोकांनी लोकांसाठी जपलेला वारसा.

"पाळणाघर पुढच्या टप्प्यात," काका म्हणाले. "तोवर वहिनी, साफसफाईला कुणीतरी हवंच आहे. घरचं माणूस असलेलं बरं."

आई हो म्हणाली. मी तिच्याशी दोन दिवस बोलले नाही.

"तुझी फी कोण भरणार, तुझं निबंधाचं बक्षीस?" एवढंच ती म्हणाली.

खरं सांगू, त्या बायकांची नावं आम्ही वापरली आणि आईच्या पाळणाघराचं नाव काकांनी. हिशेब सरळ आहे. मला भीती त्याची वाटत नाही.

मला भीती वाटते आईच्या बोटांची.

पहिल्या आठवड्यापासून ती घरी येते तेव्हा तिची बोटं... सुरकुतलेली असतात. तासन्‌तास पाण्यात राहिल्यासारखी. पांढरी. मऊ. तिथे फरशी पुसायला यंत्र आहे. कप धुवायलाही यंत्र आहे.

"आई, हात कशात घालतेस?"

"कामात."

पूर्वी ती घरी आली की सगळ्या जगाला शिव्या घालायची. काकांना तर रोज. आता घालत नाही. गुणगुणते. सूर माझ्या ओळखीचा नाही.

परवा तिनं सांगितलं, उद्यापासून मला डबा देऊ नकोस.

"का?"

"आम्ही सगळ्या एकत्रच जेवतो."

तिथे कामाला आईशिवाय एकही बाई नाही. कॉफी करणारे दोघं आहेत, दोघंही पुरुष, आणि ते दुपारी जेवायला बाहेर जातात.

मी काकांकडे गेले, कॉफीवाल्यांकडे गेले. शाळेतल्या बाईंनाही सांगितलं. त्या म्हणाल्या, कल्पना छान आहे, लिहून काढ.

म्हणून हे लिहिलं.

आता शाळा सुटली की मी दप्तरासकट थेट तिथे जाते. आत पाऊल टाकत नाही. दारात उभी राहून हाक मारते. लोक कपावरून मान वर करून बघतात, बघू देत.

पहिल्या आठवड्यात आई एका हाकेत बाहेर यायची.

गेल्या आठवड्यात तीन हाका लागत होत्या.

काल मी सात मारल्या. सातव्या हाकेला ती दारात आली, पदराला हात पुसत, आणि माझ्याकडे बघत राहिली... आपण हिला कुठेतरी पाहिलंय, असं आठवत असल्यासारखी.