पाय पुढे

यातलं एक अक्षरही पदरचं नाही. सरलाबाईंनी जसं सांगितलं तसंच लिहिते आहे. सुरतेच्या गोडादऱ्यात त्यांची खोली आणि माझी खोली यांच्यामध्ये एकच भिंत आहे, आणि त्या भिंतीला तीस वर्षं होऊन गेली.

गोष्ट रात्रीची नाही. मागच्या वर्षीची वैशाखातली दुपार. बुधवार. पावणेतीनचा सुमार.

ऊन असं होतं की गॅलरीच्या लोखंडी कठड्याला हात लावता येत नव्हता.

झालं ते त्या उन्हाच्या मधल्या एका काळोख्या तुकड्यात.

पण आधी थोडं मागचं सांगावं लागेल.

सरलाबाई अमळनेरकडच्या एका खेड्यातल्या. दवाखाना तालुक्याला. पावसाळ्यात आजारी माणसाला बाजेवर टाकत आणि चौघे खांदा देऊन नाला ओलांडत. कोरड्या दिवसांत बैलगाडी, तीत कडबा, कडब्यावर गोधडी. एका अडलेल्या बाळंतिणीला कापसाच्या ट्रॅक्टरमधून नेलेलं त्यांनी पाहिलं होतं. सुरतेला आल्यावर दारातून पाय बाहेर काढून रिक्षात निजवलेली माणसं पाहिली, कापडाच्या ताग्यांवर झोपवून टेम्पोतून नेलेली पाहिली.

गाडी कुठलीही असो, एक गोष्ट त्यांच्या सासूने पहिल्याच वर्षी शिकवून ठेवली होती. जित्या माणसाला नेताना डोकं पुढे ठेवायचं. पाय पुढे करून फक्त मयत जातं.

सरलाबाईंनी त्याची मनाशी गाठ मारली.

ती गाठ सैल राहिली असती, तर...

सुरतेत प्लेग येऊन गेला त्याला दोन वर्षं झाली होती. त्यांचे यजमान शालिग्राम लूमच्या कारखान्यात बारा तासांची पाळी करायचे. एका सकाळी मशीनपाशीच छाती धरून खाली बसले. फोन करून बोलवावी अशी गाडी तेव्हा आपल्या माणसांसाठी नव्हती. निंबा नावाचा त्यांचा जोडीदार होता. त्याने तागे वाहायची लारी रिकामी केली. चार सायकलचाकांची हातगाडी, पुढचं डावं चाक वाकडं.

कुईं... टक्. कुईं... टक्.

चौघांनी शालिग्रामना लारीवर निजवलं. डोकं मागे, ढकलणाऱ्यांच्या बाजूला. म्हणजे चेहरा दिसत राहील, तोंडावर सावली धरता येईल. समजूतदारपणाच होता तो.

सरलाबाई पिठाच्या हातांनी पळत आल्या, आणि त्यांना आधी दिसले ते नवऱ्याचे पाय. पुढे.

"जित्ता मानूसले असा लई जातस का?" त्या ओरडल्या.

लारी थांबली. निंबाला उचलण्याआधी घसा खाकरायची सवय होती. तो खाकरला आणि म्हणाला, "फिरवानं शे का, वहिनी?"

शालिग्रामनी डोळे उघडले. "ऱ्हाऊ दे वं," एवढंच म्हणाले.

सरलाबाई म्हणाल्या, "फिरवा."

चौघांनी उचललं, फिरवलं, पुन्हा निजवलं. दोन मिनिटं गेली असतील. तीही नसतील.

रेल्वेचं फाटक समोर दिसत होतं. ते हलायला लागलं... खाली आलं... बंद झालं.

आधी मालगाडी गेली. मग दुसऱ्या बाजूने पॅसेंजर. फाटक उघडलं तेव्हा पिठाचे हात नवऱ्याच्या कपाळावर ठेवून सरलाबाई उभ्या होत्या, आणि कपाळ गार पडत होतं.

दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला, थोडं आधी आणायला हवं होतं.

निंबाने ते कधी तोंडावर बोलून दाखवलं नाही. पण गल्लीला कळायचं ते कळलंच. पाण्याच्या नळावर, शिवणाच्या क्लासात, हळदीकुंकवाला. ही ती, नवऱ्याला फिरवायला लावणारी. त्यांचा मुलगा योगेंद्र मोठा झाला, पलसाण्याच्या डाइंग मिलमध्ये लागला. तो एकदा हसत म्हणाला होता, "आई, मला न्यायची वेळ आली तर आधी होकायंत्र विकत घे." सगळे हसले. सरलाबाई उठून मोरीत गेल्या आणि नळ सोडून उभ्या राहिल्या.

निंबा वारला. बाकीचे तिघेही एकेक करून गेले. ती लारी कधीच भंगारात गेली.

आता त्या बुधवारची गोष्ट.

योगेंद्रला त्या आठवड्यात रात्रपाळी होती, म्हणून दुपारी घरीच निजलेला. उठला तो घामाने निथळत. डावा हात दाबत होता. चेहरा राखेसारखा.

सून वर्षा हुशार. तिने दोन फोन केले. दवाखान्याची मोठी गाडी यायला अर्धा तास लागणार असं कळलं. मग तिने लखनला बोलावलं.

लखन आमच्याच सोसायटीत तळमजल्यावर राहायचा. अकोल्याकडचा. त्याची व्हॅन सकाळी शाळेची मुलं न्यायची आणि दुपारनंतर पेशंट. कोरोनात त्याने मधल्या सीट काढून टाकल्या, एका बाजूला बाकडं ठेवलं, मागच्या दाराजवळ ऑक्सिजनचं सिलिंडर पट्ट्यांनी बांधलं आणि स्वतःच्या मागे जाड प्लास्टिकचा पडदा लावला. मुलं परत आली तरी पडदा तसाच राहिला, पिवळा पडून. काचेवर सशाचं चित्र, टपावर लाल दिवा. कोरोनात त्या व्हॅनने किती माणसं नेली आणि किती परत आणली, ते लखन सांगत नसे.

योगेंद्रला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून दोन मजले उतरवलं. खाली स्ट्रेचरवर घेतलं. लखनने पाय आधी आत सरकवले.

पाय पुढे.

सरलाबाई स्ट्रेचरपाशी आल्या.

लखनला गल्लीतलं सगळं ठाऊक होतं. तो न विचारताच म्हणाला, "आजी, डोकं मागेच राहीन. सिलिंडर मागं हाय. नळी पुढं पोचत नाही."

वर्षाने सासूकडे पाहिलं. "आई, आज काही बोलू नका. तुमच्या पाया पडते."

सरलाबाईंनी ओठ घट्ट मिटले. वर्षा मागे चढणार, त्याआधीच त्या चढल्या आणि मुलाच्या उशाशी बसल्या. मागे एकालाच जागा होती. वर्षा फाइल घेऊन पुढे लखनशेजारी बसली.

दार लागलं. नळीतून हवा यायला लागली. योगेंद्रचा रंग जरा बरा वाटला. त्याने आईचा हात धरला.

"होकायंत्र आणलंस का?" तो पुटपुटला.

सरलाबाईंनी त्याचा हात दोन्ही हातांत दाबून धरला.

पूर्वी जिथे फाटक होतं तिथे आता रुळांखालून गरनाळं काढलंय. पन्नास पावलांचा बोगदा, बारा महिने ओल. व्हॅन त्यात शिरली आणि मधोमध अडकली. पुढे टेम्पो, मागे रिक्षा. सायरन चालू होता, हॉर्न वाजत होते, लखन खिडकीतून शिव्या घालत होता.

आणि मग...

हॉर्न ऐकू येईनासे झाले.

सायरन थांबला. टपावरच्या दिव्याची लाल झाक मात्र भिंतीवर फिरत होती.

पडद्यापलीकडे लखनचं तोंड हलताना दिसत होतं. आवाज नव्हता.

सरलाबाईंना आधी वास आला. कोऱ्या कापडाला लावलेल्या कांजीचा. त्यात लूमचं तेल.

मग मागून...

कुईं... टक्.

कुईं... टक्.

जवळ आलं. दाराला लागून थांबलं.

व्हॅन एका बाजूला कलली. पायरीवर कोणीतरी पाय ठेवल्यासारखी. मग दुसऱ्यांदा कलली. तिसऱ्यांदा. चौथ्यांदा. दार मात्र बंदच होतं.

कोणीतरी घसा खाकरला.

"फिरवानं शे का, वहिनी?"

सरलाबाईंनी डोळे गच्च मिटून घेतले. दात ओठांत रुतले, रक्ताची चव आली. त्या बोलल्या नाहीत. हे त्यांनी मला कितीदा सांगितलं असेल... मी तोंड उघडलं नाही हो, मी तोंड उघडलं नाही.

पण त्यांच्या हातातून योगेंद्रचा हात निघायला लागला.

हिसका बसला नाही. झोपलेल्या लेकराच्या मुठीतून बोट काढून घ्यावं, तसा हळूच, एकेक बोट. त्यांनी धरून ठेवायचा प्रयत्न केला. निघून गेला.

मग सगळे हॉर्न एकदम वाजले. व्हॅन पुढे सरकली. पापण्यांवर ऊन आलं.

त्यांनी डोळे उघडले.

समोर पाय होते.

निळसर तळवे. मिलमधला रंग योगेंद्रच्या तळव्यांतून कधीच जायचा नाही. डोकं पलीकडे, पडद्याच्या बाजूला. नळीचं टोक स्ट्रेचरवरून खाली लोंबत होतं, आणि हवा नुसतीच... फस्स... फस्स...

सरलाबाई पुढे झेपावून प्लास्टिकच्या पडद्यावर मुठी आपटायला लागल्या.

लखनने गाडी कडेला घेतली. दार उघडलं आणि तो पाहतच राहिला. आतल्या आत स्ट्रेचर वळवायला जागाच नव्हती. बाकडं मध्ये येत होतं. लखन, एक पाणीपुरीवाला आणि रस्त्यावरचा एक माणूस, अशा तिघांनी स्ट्रेचर बाहेर भर उन्हात काढलं, वळवलं, पुन्हा आत घातलं. नळी लावली.

वर्षा सासूकडे पाहत होती.

"केलंतच ना शेवटी," एवढंच म्हणाली.

दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता. मुलगाच म्हणावा असा. त्याने चष्मा काढून पुसला आणि हिंदीत सांगितलं, थोडं आधी आणलं असतं तर...

सरलाबाईंनी पुढचं ऐकलं नाही. त्यांना ते पाठ होतं.

तेराव्यानंतर लखन एकदा येऊन गेला. व्हॅन विकतोय म्हणाला. मीही तिथेच होते. खाली मान घालून तो हळूच बोलला, "आजी, रोडवर आम्ही तिघं लागलो. तेबी बाहीर काढून. तुम्ही एकट्या बसल्या जागी कसं..."

वर्षा आतून आली. "चहा झाला असेल तर निघा, भाऊ."

मी नंतर एकदा सरलाबाईंना विचारलं. विचारू नये ते विचारलं. तोंडाने नाही म्हणालात, पण मनात आलं होतं का?

त्यांनी आपल्या तळहातांकडे पाहिलं.

"गाडी सुटल्यापासून दुसरं काय येत होतं?" त्या म्हणाल्या.

दोघी अजून त्याच खोलीत राहतात. जाणार कुठे? वर्षा साड्यांवर खडे चिकटवते, सरलाबाई सुटलेले दोरे कापतात. वर्षा वेळेवर वाढते, गोळ्या देते. त्यांना 'आई' म्हणायचं मात्र तिने सोडलं. एकदाच बोलली होती, भांडी घासता घासता. "मामंजींना निदान 'राहू दे' म्हणायला तरी मिळालं. यांना तेवढंही नाही."

सरलाबाईंनी त्यावर, आपण फिरवलं नाही अशी शपथ घेतली नाही. कशाची घेणार?

तो एक शब्द मात्र त्यांनी टाकला आहे. पंखा इकडे फिरव म्हणायचं असेल तर बोटाने दाखवतात. तव्यावरची भाकरी करपायला आली तरी गप्प बसतात.

श्रावणात त्यांना ताप भरला. मी दुपारी पेज घेऊन गेले तर त्यांनी माझं मनगट धरलं. हात भाजत होता. माझं काही झालं तर मला रिक्षातून न्या, म्हणाल्या. बाज नको, व्हॅन नको, मोठी गाडी तर नकोच. रिक्षात माणूस आडवा निजतो. डोकं एका बाजूच्या दाराशी, पाय दुसऱ्या बाजूच्या दाराशी. त्यात पुढे काहीच नसतं.

"मग त्यांना फिरवायला काही सापडायचं नाही," त्या म्हणाल्या.

आणि एकदम थबकल्या. तो शब्द तोंडातून निघून गेला होता.

वर्षा दारात बसून साडीवर खडे लावत होती. तिने मान वर केली नाही.

"बघू," ती म्हणाली. "वेळेला जी गाडी मिळेल ती."

बाहेर गॅलरीत कोणी नव्हतं. दुसरा मजला. कडक ऊन. तिथवर लारी चढवायला वाटच नाही.

तरी सरलाबाई दाराकडे पाहत होत्या. मग त्यांनी पदराचा बोळा केला आणि तोंडात घातला.

मला काहीच ऐकू आलं नाही.

वास मात्र आला... कांजीचा. तो वर्षाच्या मांडीवरच्या कोऱ्या साडीचा असेल, असं मी अजून स्वतःला सांगते.