जाकिटातला हात

डॉ. विश्राम केळुसकरांनी जाकीट तपासणीच्या टेबलावर ठेवले आणि तक्रार सांगितली, "खांदे दुखायचे थांबलेत."

डॉ. तस्नीम काझी यांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिले. स्नायूंचा अभ्यास हे त्यांचे क्षेत्र, तंतूंचा अभ्यास हे विश्रामांचे. वाळूजजवळच्या या प्रयोगशाळेत दोघे पहिल्या दिवसापासून एकत्र होते.

"मग पेढे आण की. याच्यासाठीच केस पांढरे केले ना आपण?"

"चेष्टा नको. काल लोणारला जाऊन आलो. पाठ हलकी, मान मोकळी. पण सुनीतीचा हात लागला नाही. कुठंच नाही."

तस्नीमनी जाकिटाच्या शिवणीतल्या नोंदयंत्राला संगणकाच्या जोडण्या लावायला सुरुवात केली.

मोटरसायकलवर तासन्‌तास बसणाऱ्याचे हात पुढे ताणलेले असतात. हेल्मेटचे ओझे, वारा आणि रस्त्याचे हादरे मानेखालचे तेच ते स्नायू सोसत राहतात. त्यांतला रक्तपुरवठा मंदावतो, गाठी धरतात आणि खांद्यापासून कमरेपर्यंत ठणका सुरू होतो. पट्टे आणि उशा यांनी दुखणे फक्त जागा बदलते. विश्रामांच्या पत्नी सुनीती भौतिकोपचार करत. त्यांचे म्हणणे होते की अशा पाठीला आधार नको, जाणता हात हवा.

तो हात विश्रामांनी घडवला. त्यांचे स्मृतितंतू स्नायूचा ताठरपणा ओळखत आणि त्या जागी आक्रसून दाब देत. दाबाने स्नायू सैल झाला तर त्या जागचा तंतू अधिक घट्ट होई. स्नायू आणखी ताठला तर तंतूच ढिला पडे. स्मृती वेगळी कुठे साठवलेली नव्हती, तंतूचा घट्टपणा हीच त्याची स्मृती.

पहिले धडे सुनीतींनी दिले. विश्राम गाडी चालवत आणि त्या मागे बसून जाकिटावरून त्यांचे खांदे दाबत. सुनीतींचा उजवा अंगठा लहानपणी दारात चेमटलेला, म्हणून सगळा जोर डाव्याचा. "हँडल सोडून मान खाली कशाला घालताय? गुदगुल्या होतायत का?" असे त्या वाऱ्यात ओरडत. ते जाकीट त्यांच्या हातासारखे दाबू लागले, तेव्हा त्या स्वतःच दचकल्या होत्या.

नंतर साध्याशा वाटलेल्या तापाने सुनीती आठवड्याभरात गेल्या. विश्राम जाकीट घालून रस्त्यावर जाऊ लागले. खांद्याच्या डाव्या पात्याखाली तो अंगठा फिरे. तेवढ्यासाठीच ते गाडी काढत, हे तस्नीमना ठाऊक होते.

"तंतू झिजले असतील," विश्राम म्हणाले. "सांग, मी नवे ओढतो."

"झिजलेले नाहीत." तस्नीमनी पडदा त्यांच्याकडे वळवला. "ही रेघ दाबाची, ही तुझ्या स्नायूची. सुनीती होती तेव्हाच्या फेऱ्या बघ. दाब आला की स्नायू सैल. आता गेल्या महिन्यांतल्या बघ."

विश्रामांनी पाहिले. दाब सुरू होताच दुसरी रेघ ताडकन वर जात होती.

"हे काय?"

"तू ताठतोस, विश्राम. तो अंगठा लागला की तुझे दोन्ही खांदे आवळतात. रडताना माणसाचे आवळतात तसे."

"मी गाडीवर रडत नाही."

"तुला कोण विचारतंय? आपण फक्त स्नायूला विचारतो. आठवतं, हा नियम कुणाचा?"

त्यांना आठवत होते. चाचणीनंतर स्वारांकडून मते भरून घ्यावीत, असा त्यांचा आग्रह होता. सुनीती हसल्या होत्या. "ही मंडळी पाठ मोडली तरी 'एकदम मस्त' म्हणतील. त्यांना नका विचारू, त्यांच्या स्नायूला विचारा." म्हणून तंतूला दुसरे काहीही कळू दिलेले नव्हते.

"म्हणजे तिचा स्पर्श मला अपायकारक आहे, असं ते जाकीट शिकलं."

"हो. आणि तुझ्यासाठी स्वतःची एक वेगळी पद्धत शोधली. ती काम करते आहे. म्हणून तुझं दुखणं थांबलं."

विश्राम टेबलाची कड धरत म्हणाले, "शिकणं बंद करू या."

"तंतू तुझा आहे. दाबणं चालू ठेवून शिकणं बंद करता येतं?"

त्यांनी मान हलवली. येत नव्हते.

"डाव्या पात्याखाली थोडा घट्टपणा शिल्लक आहे," तस्नीम हळू आवाजात म्हणाल्या. "तुला जाणवणार नाही इतका. अजून एखाद्या फेरीत तोही जाईल."

"मग मुक्ताला देतो. आईचा हात आहे, लेकीच्या पाठीवर राहील."

"मुक्ता तुझ्याहून जास्त ताठेल रे."

विश्राम खुर्चीत बसले. उत्तर त्यांच्याच समीकरणात होते आणि ते त्यांनी स्वतःच उच्चारले. "तिच्यासाठी ज्याला रडू येणार नाही, अशाच माणसाच्या पाठीवर तो टिकेल."

"टिकेलच असं नाही. पण त्या पाठीला बरं वाटलं, तर उरलेला तंतू पुन्हा घट्ट होत जाईल. तिनं शिकवलेल्या चालीनंच."

प्रज्ञा वानखडे ही चाचणीस्वार उन्हाळ्यात अमरावतीहून रुजू झाली होती. सुनीतींना तिने कधी पाहिले नव्हते. तिला जाकीट दिले, पण ते कुणाचे, हे सांगितले नाही. पुढच्या काही आठवड्यांत ती लोणारच्या रस्त्यावर जात-येत राहिली. विश्राम त्या काळात गाडीवर बसले नाहीत.

एका दुपारी ती हेल्मेट काखेत धरून आत आली. "सर, हे जाकीट मी परत नाही करणार हं, आताच सांगते. सुरुवातीला काही नव्हतं याच्यात. आता काय दाबते हो!"

"कुठं?" विश्रामांनी विचारले.

"इथं, डावीकडं. उजवीकडं आपलं नावापुरतं."

तस्नीमनी नोंदी बघायचे नाटक सोडून दिले.

"तुम्हीच घालून बघा ना, सर." प्रज्ञा जाकिटाची चेन ओढू लागली.

"नको!" ते इतक्या जोरात म्हणाले की ती थबकली. "अंगातून काढू नकोस. नुसतं... कसं दाबतं ते हातानं दाखव. टेबलावर."

तिने तस्नीमकडे पाहिले. त्यांनी मान डोलावली. मग प्रज्ञाने डावा अंगठा लाकडावर टेकवला. आधी सावकाश वर नेला, एक अर्धे वळण घेतले, थांबली. आणि शेवटी एकदा खच्चून दाबला.

"हा शेवटचा असतो ना," ती हसून म्हणाली, "असं वाटते, कोणी म्हणून राहिलंय, झालं, उठा आता."

सुनीती रोजचा उपचार असाच संपवत. विश्रामांचे खांदे वर आले, आवळले आणि तसेच राहिले. त्यांच्या अंगावर तंतू नव्हता; त्यामुळे त्या ताठण्याने काहीच पुसले जात नव्हते.

"पुन्हा एकदा दाखव," ते म्हणाले.