उठणयादी

एकतीस वर्षं झोपलेल्या बायकोला उठवायला निनाद पेठे इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. त्याचं वय बहात्तर. पलंगावरची गार्गी मात्र अजून एकेचाळीसचीच. तिच्या रक्ताच्या आजारावर औषध सापडेपर्यंत तिला शीतनिद्रेत ठेवलं होतं, म्हणजे शरीर इतकं गार केलं होतं की वय जागच्या जागी थांबलं. औषध यंदा सापडलं. लोक हे बघून तोंडात बोटं घालत. निनाद तर एकतीस वर्षं दर रविवारी येऊन घालत होता.

डॉ. रेवती कानिटकरांनी त्याला समजेल असं सांगितलं. जुन्या संगणकाच्या पडद्यावर एकच चित्र फार वेळ राहिलं तर त्याचा डाग पडायचा, म्हणून काम नसताना हलती चित्रं फिरवत ठेवायचे. स्क्रीनसेव्हर. निनादला तो लहानपणी पाहिलेला आठवत होता. झोपलेल्या मेंदूचंही तसंच असतं. गार्गीच्या मेंदूत ‘निद्रापट’ फिरत होता: ढग, पाणी, रंग, आणि इतक्या वर्षांत एकही चित्र दोनदा आलं नव्हतं. बाप रे, असं निनादच्या तोंडून निघून गेलं.

संगणकाचं कुलूप उघडलं, की नेमून दिलेली कामं तो आपोआप करायचा, मालकानं हात लावण्याआधीच. इथंही शरीर आधी जागं होतं आणि मन नऊ मिनिटांनी येतं. तेवढ्या वेळासाठी निद्रापटाला ‘उठणयादी’ जोडलेली असते: खोल श्वास घे, उठून बस, पाणी पी. त्यात एक कृती घरच्यांना घालता येते.

निनादला एकच धास्ती होती. तिनं डोळे उघडले आणि हा टकल्या म्हातारा तिला परका वाटला तर? ते त्याला सोसवलं नसतं. तिला माझा हात धरू दे, एवढं यादीत घाला, असं त्यानं डॉक्टरांना चोरट्यासारखं सांगितलं. डॉक्टर म्हणाल्या, पुन्हा विचार करा. पण हा कसला ऐकतोय.

झोपेचं कुलूप उघडलं. गार्गीची छाती फुगली. ती उठून बसली, पाणी प्यायली. चौथ्या मिनिटाला तिचा हात चाचपडत आला आणि त्यानं निनादची बोटं गच्च धरली. तिचे डोळे कोरे होते, आत कुणीच नव्हतं. तरी ती ऊब तिचीच होती, आणि निनाद ढसाढसा रडला.

नवव्या मिनिटाला त्या डोळ्यांत गार्गी आली. माणूस असा आत येताना निनादनं कधी पाहिला नव्हता; तो श्वास घ्यायचा विसरला. तिनं त्याच्याकडे पाहिलं, मग धरलेल्या हाताकडे, मग पुन्हा त्याच्याकडे.

"टक्कल पडलं की रे तुला," ती म्हणाली. "पण मी बघताक्षणी ओळखलं. म्हणून तर लगेच हात धरला."

निनादनं डॉक्टरांकडे पाहिलं. त्या हळूच म्हणाल्या, "त्या खोटं बोलत नाहीयेत, काका. मनाला हात धरलेला सापडला, त्यानं कारण शोधलं. आपण सगळेच रोज सकाळी हे करतो."

"एरवी ओळखलं असतं?"

"असेलही."

गार्गीनं त्याचा हात आणखी घट्ट धरला. नऊ मिनिटं धीर धरला असता तर त्याला कळलं असतं. आता ते गार्गीलाही कधी कळणार नव्हतं.