भुतांचे आवाज काढणारी

आमच्याकडे दुपारची जेवणं झाली की मी ओटा पुसते, पडदे ओढते आणि आईंसाठी भूत लावते.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. वय एक्याऐंशी. दोन्ही डोळ्यांत मधोमध काळा डाग. कडेकडेनं जरा उजेड दिसतो, बाकी जग माझ्या तोंडून. मालिका त्यांना नको असतात. "त्यातल्या बायका घरच्यासारख्याच भांडतात, त्यात काय ऐकायचं?" एकदा चुकून सत्तरच्या दशकातला एक परदेशी भुताचा सिनेमा लागला, तो मला बंद करू देईनात. तेव्हापासून रोज. नवरा ऑफिसात, कात्रजची आमची सोसायटी एक ते चार गाढ झोपलेली, आणि आम्ही दोघी सोफ्यावर, मध्ये बडीशेपेची डबी.

हे सिनेमे फार गरीब असतात हो. जिना एकच, तोच दर सिनेमात. वटवाघूळ दोरीला बांधलेलं, दोरी दिसते. रक्त म्हणजे कोकम सरबत. आणि धुकं मात्र भरपूर. त्या धुक्यात पांढऱ्या गाऊनमधली बाई मेणबत्ती घेऊन तळघरात उतरते.

"हिच्याकडे दिवे गेले की वायरमनला बोलवत नाहीत का गं?" आई विचारायच्या.

टीव्हीचा आवाज बंद असायचा. त्या परक्या बडबडीत माझं ऐकू येत नाही, असं आईंचं म्हणणं. मी खालची इंग्रजी अक्षरं वाचायची आणि मराठीत बोलायचं. सरदार मीच, चेटकीण मीच, लांडगासुद्धा मीच. कॉलेजच्या नाटकात मला फक्त झाड केलं होतं, त्याचा हा उशिरा घेतलेला सूड.

मी एकच लबाडी करायचे. माझ्या सिनेमात कुणी मरायचं नाही. गेल्या वर्षी सासरे गेले आणि पाठोपाठ आईंना हार्ट अटॅक आला. दवाखान्यातून घरी आल्या त्या एकच धोशा लावून. "हे मला न्यायला येणार आहेत. मी तयार आहे." अर्धी पोळी खाऊन ताट सारायचं. सिनेमे सुरू झाल्यापासून पोळी दीडवर आली होती. मला त्या जायला नको होत्या. खरं सांगू? माझे विनोद घरात दुसरं कुणी ऐकत नाही.

त्या दिवशी लागला तो सिनेमा इतका फिकट होता की चित्र पाण्याखाली असल्यासारखं हलत होतं. पंख्याची घरघर, बाहेर कबुतर, आणि पडद्यांतून येणारा मधासारखा उजेड. माझाही डोळा लागत होता.

"काय चाललंय गं?"

"गोल टेबलाभोवती बसलेत. जेवायला."

"खिडक्या लावून?"

"पुण्याचे असतील."

"हातात हात धरून जेवतात?"

मी त्यांच्याकडे बघितलं. कडेकडेनं दिसलं असेल, म्हटलं.

"गेलेल्या माणसाला बोलवतायत," आई म्हणाल्या. "एक खुर्ची रिकामी आहे ना? नीरजा, ह्यांना बोलाव."

"मी? अहो आई, सून सासऱ्यांचं नाव घेते का?" वेळेला रीत उपयोगी पडली.

आईंनीही ते साठ वर्षांत घेतलं नव्हतं. बँकेत विचारलं तर कागदावर लिहून द्यायच्या. फक्त उखाण्यात घ्यायच्या, तेही आग्रह झाला तर. आज आग्रह कुणीच केला नव्हता. त्यांनी पदर डोक्यावर घेतला आणि अगदी हळू म्हणाल्या,

"डोळ्यांपुढे काळोख, दिसेना अंबर,
हाक मारते सावकाश, ओ द्या दिगंबर."

टेबलाभोवतीची माणसं थांबली. चित्र अडकलं म्हणून मी रिमोट उचलला, पण मेणबत्तीची ज्योत हलत होती... खोलीत दाढीच्या साबणाचा ओला वास आला.

"खुर्ची कुणी ओढली?" आईंनी विचारलं.

आवाज बंद होता. मी पुन्हा पाहिलं, बंदच होता. पण ती रिकामी खुर्ची आता तिरकी झाली होती, कुणी बसायला सरकवावी तशी. आई उठायला लागल्या.

मी घाबरले. आणि घाबरलं की मला एकच येतं, नक्कल. बाबांची, म्हणजे सासऱ्यांची, तर मी ते असतानाही करायचे, त्यांच्या पाठीमागे. घसा बसवून म्हटलं, "इकडे अजून जागेचं काही ठरलेलं नाही. तू तिथेच थांब. आणि गोळ्या वेळेवर घे."

आई मटकन बसल्या आणि हसल्या. "जन्मभर हेच! महाबळेश्वरलासुद्धा पुढच्या वर्षी नेतो म्हणत गेले."

जिंकले, असं मला वाटलं. तेवढ्यात त्यांचं हसू विरलं. कान टीव्हीकडे लागले. "हो... हो... नाही हो."

"काय झालं, आ..."

त्यांनी माझ्या तोंडावर हात दाबला. गार हात, बडीशेपेचा वास.

"कुणी नाही इथे," त्या समोर बघून म्हणाल्या. "मी एकटीच आहे." मग थोडं थांबून, "सून? ती बाहेर गेलीय."

सिनेमा संपेपर्यंत हात काढला नाही. मग माझ्या कानाशी आल्या. "विचारत होते, माझ्या आवाजात बोललं कोण? आता दुपारी ह्या खोलीत तू तोंड उघडायचं नाहीस."

याला तीन महिने झाले. आईंची पोळी दोनवर आलीय. जायचं नाव काढत नाहीत. "मी गेले तर तुला त्यांच्यापासून लपवणार कोण?" म्हणतात. मी सिनेमा लावते आणि चवड्यांवर स्वयंपाकघरात जाते. बाहेर आई एकट्याच बघतात. कुणी काही सांगत नसतं, तरी बरोबर जागी हसतात.

काल मी तिखट डब्यात भरत होते. शिंक आली. मोठी, माझ्यासारखीच, अजिबात न शोभणारी.

बाहेरून आईंचा आवाज आला. "शेजारची असेल हो कुणीतरी."

शेजारचा फ्लॅट सहा वर्षं बंद आहे. मला ठाऊक आहे, आईंना ठाऊक आहे. बाबांनाही ठाऊक होतं. किल्ली त्यांच्याकडेच असायची.

मी नाक दाबून फ्रिजला टेकून उभी होते.

मग आई म्हणाल्या, "अहो... तिकडे कुठे निघालात?"