पोचल्याचा फोन

दादाच्या खोलीत नऊ दिवसांचा केर होता. तृप्तीनं वाकून मोजला: शेंगांची अकरा टरफलं, शर्टाचं एक बटण, बॅग बांधून उरलेले सुतळीचे दोन तुकडे आणि पलंगाखाली धुळीचा एक गोळा, व्यास अंदाजे चार सेंटिमीटर.

गेलेला माणूस पोचल्याचं कळेपर्यंत आई घर झाडत नसे. कुणी एसटीनं येवल्याला निघालं की केर अर्धा दिवस थांबायचा. या वेळी दादा ऑकलंडला गेला होता. मुंबई विमानतळापासून सरळ रेषेत बारा हजार तीनशे किलोमीटर, सिंगापूरचा थांबा धरून एकोणीस तास. विसाव्या तासाला त्याचा फोन आला, "पोचलो." तरी आईनं केरसुणीला हात लावला नाही.

"आता उंदीर होतील घरात," तृप्ती म्हणाली.

"होऊ दे. तेबी वाट बघतील." आईला खोकल्याची उबळ आली. धुळीनं तिचा दमा बळावला होता. दोनदा पंप ओढूनही छाती वाजत होती. "बोलतो रोज, पण लय उशिरानं बोलतो. पोचलेला माणूस असा बोलत नाय."

तृप्ती फिजिक्सची एमएससी. तिनं आईला आकडाच दाखवायचं ठरवलं. लहानपणी देवळालीच्या लष्करी मैदानावर तोफा उडाल्या की ती आणि दादा गच्चीवर उभे राहून, उजेड दिसल्यापासून आवाज येईपर्यंत सेकंद मोजत आणि तोफेचं अंतर काढत. इथंही तेच करायचं. तिनं "एक" म्हणायचं, त्यानं लगेच "दोन" म्हणायचं, आणि मधला वेळ रेकॉर्डिंगवर मोजायचा.

सोमवारी दोन पूर्णांक चार दशांश सेकंद लागले. गुरुवारी तीन.

नेट खराब असेल, म्हणून रविवारी सकाळी तिनं ऑकलंडला दादाच्याच खोलीत राहणाऱ्या मित्राला, मयूरला, फोन लावला.

"मयूर, एक."

"दोन. काय गं, बालवाडी काढलीस का?"

शून्य पूर्णांक चार दशांश सेकंद. तृप्तीला हायसं वाटलं.

"दादा कुठंय?"

"हा काय, समोर चहा ढोसतोय. ए दीपक, धर."

फोन तोच. खोली तीच.

"दादा, एक."

आईनं पदर तोंडाशी धरला. बाहेर एक रिक्षा वळली आणि निघून गेली.

"दोन." आवाज अगदी स्वच्छ होता. मागे विमानाच्या आत असते तशी एकसारखी घरघर. "तृप्ते, विमानात बसलेले कानांचे दडे अजून सुटले नाहीत गं."

"अरे, सोळा दिवस झाले."

ती थांबली. आईही थांबली.

"सोळा?" दादा म्हणाला.

फोन कट झाला.

"किती आलं?" आईनं विचारलं.

तृप्तीनं मयूरचा वेळ वजा केला. सिग्नलचा वेग सेकंदाला तीन लाख किलोमीटर. जाऊन-येऊन, म्हणून निम्मं. तिनं दोनदा पडताळून पाहिलं.

जादा वेळ, तीन पूर्णांक दोन दशांश सेकंद. एकेरी अंतर, चार लाख ऐंशी हजार किलोमीटर. चंद्र तीन लाख चौऱ्याऐंशी हजारांवर असतो.