दोन्ही वेशींचा राजा

ताई दूध निववत होती. भांड्यातून पेल्यात, पेल्यातून भांड्यात. पलंगावर धाकटा तापाने फणफणला होता. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं होतं. राजा झाला म्हणून तिच्या हातचं दूध पिणं काही सुटलं नव्हतं.

गादी त्याला मिळाली ती दगडापेक्षा वीट मऊ म्हणून. डोंगरातल्यांना किनाऱ्यावरचा राजा नको होता आणि किनाऱ्यावरच्यांना डोंगरातला. याचे वडील डोंगरातले, आई किनाऱ्यावरची. दोन्हीकडच्यांनी नाइलाजाने मान डोलावली. पण घरातल्या भांडणाचा वास शत्रूला लागलाच होता. एक फौज खिंडीवर चालून आली, दुसरी बंदरावर. ‘मी कुठे कुठे पुरा पडू, ताई?’ म्हणत त्याने अंथरूण धरलं ते धरलंच.

त्या सकाळी खिंडीतून स्वार आला. दमलेला, पण चेहऱ्यावर तेज.

“खिंड राखली. महाराज स्वतः पुढे होते म्हणून.”

ताईला हसू आलं. “अरे बाबा, तो या पलंगावरून हललेला नाही. घोटघोट पाणी पाजतेय मी त्याला.”

स्वाराने पलंगाकडे पाहिलं आणि तो मागे सरला. प्रधानांनी त्याला बाहेर नेलं. “असू द्या, ताई,” परत येऊन ते म्हणाले, “फौजेला धीर येतो.”

दुपारी बंदरावरून नावाडी आला. त्याचंही तेच. महाराज धक्क्यावर लढले, त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. या वेळी प्रधानांनी वळून पलंगाकडे पाहिलं.

चादर बदलायला म्हणून ताईने पांघरूण काढलं. धाकट्याच्या उजव्या तळपायाला बर्फ चिकटला होता, हळूहळू वितळत होता. डाव्या तळपायाला ओली वाळू होती.

तिने दोन्ही पाय पुसले. कुणाला सांगितलं नाही.

मग ती पडदे सारून, भर उजेडात, त्याच्यावरची नजर न हलवता बसून राहू लागली. एकदा तिच्या डोळ्यांदेखत त्याच्या खांद्यावर जखम उमटली. सदरा कुठेही फाटला नव्हता.

“कुठे जातोस रे?”

“मी कुठे जातोय? तेच नेतात. डोंगरातली फौज इकडे ओढते, किनाऱ्यावरची तिकडे.”

“नको जाऊस.”

“नाही गेलो तर दोन्ही पडतील, ताई.”

तो हलका होत चालला होता. आधी कूस बदलायला दासीची मदत लागायची. आता एक हात पुरे. उशीला खळगासुद्धा पडेना.

ती प्रधानांकडे गेली. “फौजा मागे बोलवा.”

“आत्ता बोलावल्या तर राज्य जाईल.”

“आणि नाही बोलावल्या तर माझा भाऊ.”

फौजा मागे आल्या नाहीत.

शत्रू हरला. दोन्हीकडे, एकाच दिवशी. शहरात घंटा वाजल्या, रस्ते माणसांनी फुलले. ताईने खिडकीतून पाहिलं. वरच्या वेशीतून डोंगरातली फौज येत होती, पुढे घोड्यावर तिचा भाऊ. ताठ, धडधाकट.

खालच्या वेशीतून किनाऱ्यावरची फौज येत होती. तिच्याही पुढे तोच.

“आले का ते?” पलंगावरून आवाज आला.

“आले.”

“दार लाव, ताई. आत घेऊ नकोस त्यांना.”

तिने कडी घातली. त्याचा हात घट्ट धरून ती पलंगाशी बसली, दाराकडे तोंड करून.

जिन्यावर पावलं वाजली. दाराशी येऊन थांबली.

कुणी दार ठोठावलं नाही.

तिच्या मुठीत मात्र हात नव्हता.

ती वळली. पलंगाच्या या बाजूला एक बसला होता, त्या बाजूला एक. एकाच्या अंगाला थंडीचा वास, दुसऱ्याच्या खाऱ्या पाण्याचा. मधलं पांघरूण सपाट पडलं होतं. कडी तशीच होती.

“ताई,” दोघं एकाच आवाजात, मायेने म्हणाले, “इथे कोण निजलं होतं?”